घरकुलाच्या छताला एक थर हवा

प्रति,
मा. मंत्री,
ग्रामविकास व पंचायत राज विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: घरकुलाच्या अंदाजपत्रकात उष्णतारोधक छताची तरतूद करणे आणि तो थर राज्यातल्याच शेती-अवशेषांतून तयार करणे.

महोदय,

घरकुल मंजूर झाले की आपला विभाग त्या घराचे टप्प्याटप्प्याने फोटो काढतो. जोते झाले की एक, पुढे भिंती-लिंटल, मग छत आणि घर पुरे झाले की शेवटचा. फोटो चढला की हप्ता सुटतो. पैसा घरातच लागला याची खात्री करणारी ही पद्धत चांगली आहे. पण मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या छताखाली माणूस बसू शकतो की नाही, हे कोणत्याही फोटोत दिसत नाही. कागदावर तर त्याला जागाच नाही.

मी स्थापत्य अभियंता आहे. विदर्भातल्या खेड्यांत घरांची कामे पाहणे आणि गवंड्यांना शिकवणे हा माझा रोजचा उद्योग. या पत्रात मुख्य मागणी एकच आहे. तिच्यामागे थोडा हिशेब आहे, तो आधी मांडते.

पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) 2016 पासून चालू आहे. रमाई, शबरी, मोदी आवास या राज्याच्या योजना तिच्या जोडीला आहेत. कुडाच्या भिंती आणि गळके छप्पर यांतून या योजनांनी लाखो कुटुंबे बाहेर काढली. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करायचे, ही तर त्यांतली सर्वांत शहाणी अट. पण अंदाजपत्रक उघडले की पाया, जोते, वीटकाम, लिंटल, छत, गिलावा, दारे-खिडक्या, एवढेच दिसते. छताकडून पाऊस अडवण्याची अपेक्षा केलेली असते, ऊन अडवण्याची नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर इथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हे दर उन्हाळ्यात पेपरात येते. तरीही महाबळेश्वर तालुक्यातल्या आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या घरकुलाच्या छतात फरक असतो तो एवढाच, की कुणाला पत्रा परवडला आणि कुणाला स्लॅब.

पत्र्याचे घर दुपारी छळते. लोखंडी पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. वर ऊन पडले की काही मिनिटांत खालची बाजूही तितकीच तापते. मे महिन्यात भर दुपारी तो 60 अंशांच्या पुढे गेलेला असतो, त्याला हात लावून दाखवावा. हा पत्रा खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सरळ झळ सोडतो. खोलीतल्या हवेचे तापमान मोजून हा त्रास पुरता कळत नाही, कारण अंगाला बसणारा चटका हवेपेक्षा पत्र्याचा जास्त असतो. पंखा लावून भागत नाही ते त्यामुळेच.

स्लॅबचे घर रात्री छळते. चार-पाच इंच काँक्रीट दिवसभर ऊन शोषून घेते आणि काही तास उशिराने खाली सोडू लागते. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगण निवत आलेले असते आणि आत मात्र रात्री दहालाही स्लॅबची खालची बाजू गरम लागते. बापे अंगणात, ओट्यावर, देवळाच्या पारावर बाज टाकतात. बाळंतीण, तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि वयात आलेल्या मुली आतच झोपतात. घर ज्या बाईच्या नावावर आहे, तिच्याच वाट्याला त्या घराचा उन्हाळा सर्वांत जास्त येतो.

यावर कूलर हे उत्तर सांगितले जाते. कूलरला पाणी लागते आणि वीज लागते. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो आणि दुपारी वीज जाते, तिथे हे उत्तर कुणाच्या कामाचे?

लोक स्वस्थ बसलेले नाहीत, महोदय. यवतमाळ जिल्ह्यात एका घरकुलात मी पाहिलेली मांडणी सांगते. पत्र्यावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या काड्यांचे, भारे पसरून वर दगड ठेवलेले. पत्र्याच्या हातभर खाली आडवे बांबू बांधलेले आणि त्यांच्यावर जुनी लुगडी जोडून, ताणून शिवलेले कापडी छत. पत्रा आणि कापड यांच्यामधली पोकळी दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत वीतभर उघडी ठेवलेली. असे का, म्हणून विचारले तर घरमालकीण म्हणाली, "गरम हवा तिथून निघून जाते ना." वर सावली, मध्ये हवेला वाट आणि खाली झळ अडवणारा पडदा. उष्णतारोधनाच्या पुस्तकात जे असते ते सगळे त्या छतात होते. नव्हती ती सुरक्षितता. वाळलेली पऱ्हाटी आणि ताणलेले कापड यांच्याखाली चूल पेटत होती. ज्या कुटुंबाला शासनाने पक्के घर दिले, त्याला उन्हापासून वाचण्यासाठी जळाऊ छप्पर पुन्हा डोक्यावर घ्यावे लागते, ही आपल्या अंदाजपत्रकातली उणीव आहे.

आपल्याकडे पूर्वी ही उणीव नव्हती. पूर्व विदर्भात मातीच्या भिंतींवर कवेलू असायचे. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची आणि भाजलेली माती पत्र्याइतकी झळ सोडत नसे. मराठवाड्यात आणि खानदेशात माळवद किंवा धाबे होते. लाकडी तुळया, त्यांवर आडवी किलचे, त्यांवर पाला किंवा तुराट्यांचा थर आणि सर्वांत वर फूट-दोन फूट पांढरी माती. अशा घरात एप्रिलच्या दुपारी शिरले की अंगावरचा घाम निवायचा. ती घरे का गेली, हेही सांगितले पाहिजे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8 हजार माणसे मेली. दगड-मातीच्या रुंद भिंती ढासळल्या आणि माळवदाची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर लोकांनी माळवदाची धास्ती घेतली, आणि ती रास्तच होती. मातीची घरे परत आणा, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. वजन गेले ते बरेच झाले. पण वजनाबरोबर गारवाही गेला आणि त्याच्या बदल्यात छतावर दुसरे काहीच आले नाही.

ते काय यायला हवे होते, याचा हिशेब सोपा आहे. छतातून किती उष्णता आत येते हे मोजायला यू-मूल्य वापरतात. 1 चौरस मीटर छत, आत-बाहेर 1 अंशाचा फरक, आणि त्यातून किती वॅट उष्णता आत शिरते, तो आकडा म्हणजे यू-मूल्य. आकडा जितका लहान तितके छत चांगले. नुसत्या आरसीसी स्लॅबचे यू-मूल्य 3च्या वर असते. घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर. स्लॅबचा वरचा भाग 60 अंश आणि खोली 36 अंश धरली तर ढोबळमानाने दोन हजार वॅट उष्णता आत येत राहते. म्हणजे दोन किलोवॅटची विजेची शेगडी दुपारभर डोक्यावर उलटी टांगून पेटवून ठेवल्यासारखे झाले. यू-मूल्य 1.2 पर्यंत खाली आणले तर हीच आवक सातशे वॅटच्या आसपास येते.

1.2 हा आकडा माझा नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर 2018 मध्ये इको निवास संहिता आणली, तिच्यात छतासाठी घातलेली ही मर्यादा आहे. ती संहिता बेतली गेली ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी. म्हणजे ज्याला एसी परवडतो त्याच्या छताला मानक आहे आणि ज्याला पंख्याचे बिल जड जाते त्याच्या छताला नाही. केंद्राच्या 2019च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये मात्र सर्वांना सुसह्य तापमान मिळावे, हे उद्दिष्ट लिहिलेले आहे. त्या सर्वांमध्ये घरकुलवाले धरायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

आता स्लॅबवर काय घातले की 1.2 गाठता येईल? मातीने गाठायचे तर सुमारे फूटभर माती लागते. 25 चौरस मीटरवर तिचे वजन होते 13 ते 14 टन. किल्लारीत जे कोसळले ते हेच वजन. काथ्याच्या दाबलेल्या थराने किंवा भाताच्या तुसाने गाठायचे तर इंच-सव्वा इंच पुरतो आणि सगळ्या छतावर मिळून वजन भरते क्विंटलभर. पत्र्याखालीही जवळपास तेवढीच जाडी लागते. पऱ्हाटीपासून केलेला घट्ट बोर्ड वापरला तर दोनेक इंच. काम उष्णता अडवून धरणाऱ्या बारीक पोकळ्या करतात, आणि त्या पोकळ्या आपल्या शेतात, गिरणीत, नारळाच्या सोडणात आयत्या तयार आहेत. फूटभर मातीचा गारवा इंचभर हलक्या थरात मिळत असेल तर भूकंप आणि ऊन यांत निवड करण्याची वेळच येत नाही.

कोणता थर घ्यायचा, हा खरा प्रश्न इथून सुरू होतो. बाजारात विचारले तर पहिले उत्तर मिळते थर्माकोल. हलका, स्वस्त, पाण्याने न बिघडणारा आणि उष्णता अडवण्यात चांगला. हे सगळे खरे आहे. पण त्याचा कच्चा माल खनिज तेलातून येतो, तो पेटला तर काळा विषारी धूर सोडतो आणि त्यात उंदीर-मुंग्या घर करतात. तीस वर्षांनी तो निघाला की खेड्यात त्याची विल्हेवाट लावायला उकिरड्याशिवाय जागा नाही. 2018 मध्ये याच राज्याने थर्माकोलच्या ताटल्यांवर आणि सजावटीवर बंदी घातली. मखरातून हद्दपार केलेली वस्तू लाखो छतांत भरायची का? स्लॅबच्या वर, काँक्रीटच्या थराखाली पुरता गाडून तो वापरता येतो आणि मोठ्या इमारतींत वापरतातही. पण पत्र्याखाली उघडा थर्माकोल, तोही चुलीच्या वर, हे मला कोणत्याही घरात मान्य नाही.

दुसरे उत्तर मिळते पीयू फोमचे पॅनेल. उष्णता अडवण्यात ते थर्माकोललाही मागे टाकते. मात्र हा फेस फुगवायला जे वायू वापरतात त्यांचा इतिहास बरा नाही. एचसीएफसी-141बी हा वायू ओझोनच्या थराला घातक, म्हणून भारताने 1 जानेवारी 2020 पासून तो बंद केला. त्याच्या जागी काही ठिकाणी वापरले जाणारे एचएफसी वायू ओझोनला त्रास देत नाहीत, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट पुढे आहेत. काही उत्पादक आता निरुपद्रवी वायूंकडे वळले आहेत. घेणाऱ्याने कोणत्या वायूने फुगवले हे विचारावे, आणि शासन घेत असेल तर शासनाने लेखी विचारावे. गाव तापू नये म्हणून घेतलेल्या वस्तूने जग तापवू नये, एवढी अपेक्षा फार नाही.

तिसरी वस्तू उष्णतारोधक म्हणून विकली जात नाही, पण पत्र्यापेक्षा कमी तापते म्हणून लोक ती पसंत करतात: ॲस्बेस्टॉसचे सिमेंटी पत्रे. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांनी कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात त्याचे खाणकाम थांबले, आयात मात्र चालू आहे. हे पत्रे घरमालक स्वतः करवतीने कापतो, भोके पाडतो, फुटलेला तुकडा चुलीशेजारी ठेवतो. शासनाच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या घरात ही वस्तू येऊच नये.

मग उरते काय? आपल्याच राज्यातला शेतीचा उरलासुरला माल. त्याचे गुण सांगताना दोषही सांगते, नाहीतर हे पत्र जाहिरात होईल.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूर हा धानाचा पट्टा. तिथल्या राइस मिलमधून निघणाऱ्या तुसात सिलिका भरपूर असते. त्यामुळे तूस सहज भडकत नाही, धुमसते, आणि वाळवीला फारसे आवडत नाही. रोधक म्हणून ते उत्तम आहे. दोष असा की ते फुकट राहिलेले नाही. बॉयलरचे इंधन म्हणून त्याला भाव आहे. शिवाय सुटे तूस ओल धरते आणि बसत जाते, म्हणून चुन्यात किंवा सिमेंटात बांधून त्याची पाटी करावी लागते. बांधली की जाडी थोडी वाढते, कारण चुन्याने पोकळ्या काही प्रमाणात भरतात.

पश्चिम विदर्भ आणि मराठवाडा हा पऱ्हाटीचा मुलूख. गुलाबी बोंडअळीचा मुक्काम पऱ्हाटीत असतो, म्हणून हंगाम संपताच ती शेतातून काढा, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. काढलेली पऱ्हाटी काही चुलीत जाते आणि उरलेली बांधावर जळते. मुंबईतल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, जिला आपण सिरकॉट म्हणतो, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र केव्हाच तयार केले आहे. या बोर्डातली अडचण चिकटद्रव्याची. युरिया-फॉर्मल्डिहाइडने चिकटवलेला बोर्ड बंद खोलीत तापला की वायू सोडतो. छतासाठी कमी उत्सर्जनाचे चिकटद्रव्य किंवा सिमेंट बंधक वापरावे लागेल आणि वाळवीसाठी बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, मिसळावा लागेल.

कोकणात काथ्या आहे. ओल सहन करण्यात वनस्पतिजन्य धाग्यांमध्ये त्याचा हात धरणारा दुसरा नाही, आणि कोकणच्या पावसाळ्यात हाच गुण पहिला बघावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रात दख्खनी मेंढीची लोकर आहे. घोंगड्यांची मागणी घटल्यापासून धनगर कातरलेली लोकर अनेकदा फेकून देतात. लोकर उष्णता चांगली अडवते आणि पटकन पेट घेत नाही. तिला कसर लागते, म्हणून तिच्यावरही टाकणखाराची प्रक्रिया लागेल. बगॅसचे नाव मी मुद्दाम घेत नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरला आणि सहवीजनिर्मितीला ते लागते, तिथून ओढून आणण्यात शहाणपण नाही.

हे कोणतेही साहित्य परगावचे आणून सगळ्या राज्याला एकसारखे वाटले, तर पर्यावरणाचा अर्धा फायदा ट्रकच्या डिझेलमध्ये जाईल. गोंदियाच्या छतात तूस, यवतमाळच्या छतात पऱ्हाटी, सिंधुदुर्गच्या छतात काथ्या, असे धोरण हवे. दर करारात एकच ब्रँड लिहून मोकळे होणे सोपे असते, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

थराच्याही आधी करायचे एक काम सर्वांत स्वस्त आहे. स्लॅबला पांढरा रंग. विझवलेल्या चुन्यात चिकटद्रव्य मिसळून होळीनंतर दोन हात दिले की ऊन आत शिरण्याआधीच बरेचसे परत जाते. खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडल्याचे अहमदाबादसारख्या ठिकाणचे अनुभव आहेत. या शहराने 2010च्या उष्णतेच्या लाटेत मोठी मनुष्यहानी सोसली आणि 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पुढे तिथे वस्त्यांमधली छते पांढरी करण्याची मोहीमही चालली. चुन्याचा दोष हा की धुळीने तो मळतो, पावसाने धुपतो आणि दरवर्षी द्यावा लागतो. पत्र्यावर तर तो टिकतच नाही, तिथे परावर्तक रंगच हवा. म्हणून पांढरा रंग ही पहिली पायरी समजावी. स्लॅबवर थर कायमचा, आणि तोही स्लॅबच्या वरच्या बाजूला. खालून थर लावला तर काँक्रीट तापतच राहते. वरून लावला तर काँक्रीटला ऊन दिसतच नाही. थरावर पाणी अडवणारे आवरण आणि त्यावर फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक केला की तो पांढरा राहतो आणि त्यावर धान्यही वाळवता येते. पत्र्याला थर खालून, मध्ये चार बोटे पोकळी सोडून आणि पोकळीला दोन्ही टोकांना जाळी लावून. त्या यवतमाळच्या बाईने केले होते तसेच, फक्त सहज पेट न घेणाऱ्या साहित्यात.

आपला शेजारीही पुढे गेला आहे. तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये शीत छत धोरण जाहीर केले. 2028 पर्यंतचे ते धोरण आहे आणि 300 चौरस किलोमीटर छत शीत करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. प्राणहितेच्या अलीकडे सिरोंचा आणि पलीकडे तेलंगणा. ऊन दोन्हीकडे तेच.

आता पैशाचे बोलते. केंद्राच्या निकषाने सपाट भागात घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि डोंगराळ व दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. मजुरी आणि शौचालयाचे अनुदान वेगळे. 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट. मूळ रकमेला भागले तर फुटाला साडेचारशे रुपयेही येत नाहीत. या पैशात आजच्या भावाने घर होत नाही हे गवंड्यालाही कळते आणि गृहनिर्माण अभियंत्यालाही. लाभार्थी कर्ज काढून भर घालतो. अशा वेळी त्यालाच सांगणे, की बाबा, छताला थरही लाव, हा क्रूरपणा आहे. म्हणून ही मागणी लाभार्थ्याच्या खिशाकडे बोट दाखवणारी नाही. थराची रक्कम अनुदानात वेगळी आली पाहिजे, आणि ती फक्त थरासाठीच सुटली पाहिजे.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. 2020च्या महाआवास अभियानात आपल्याच विभागाने डेमो हाऊस, घरकुल मार्ट आणि गवंडी प्रशिक्षण या तीन गोष्टींवर भर दिला. वर्ध्यात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. त्याच जिल्ह्यात दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, ज्याने 1976 पासून मातीच्या, कवेलूंच्या आणि शंकूच्या आकाराच्या टाइल्सच्या छतांवर काम केले. नागपूरला व्हीएनआयटी आहे, अकोल्याला आणि दापोलीला कृषी विद्यापीठे आहेत. ज्ञान राज्यात पडून आहे. त्याला अंदाजपत्रकाचा रस्ता दाखवायचा बाकी आहे.

तर, महोदय, मागण्या अशा:

1. घरकुलाच्या नमुना अंदाजपत्रकात 'उष्णतारोधक छत' अशी स्वतंत्र बाब घालावी आणि तिच्यासाठी अनुदानात वेगळी रक्कम द्यावी. मर्यादा इको निवास संहितेचीच, यू-मूल्य 1.2. सुरुवात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश यांपासून करावी.

2. छताच्या फोटोनंतर थराचा एक फोटो घ्यावा. तो चढल्याशिवाय त्या रकमेचा हप्ता सुटू नये.

3. प्रत्येक विभागात काही डेमो हाऊसवर तूस, पऱ्हाटी, काथ्या आणि लोकर यांचे थर लावावेत. शेजारी एक घर थराशिवाय ठेवावे. दोन्हींत तापमान मोजून त्याची नोंद पूर्ण उन्हाळाभर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. लोकांचा विश्वास परिपत्रकावर बसत नाही, शेजारच्या घरावर बसतो.

4. हे थर आग, ओल, वाळवी आणि उंदीर या चारही कसोट्यांवर वर नाव घेतलेल्या संस्थांकडून तपासून घ्यावेत. तपासणी झाल्याशिवाय एकही छत भरू नये. घाईत लावलेला आणि दुसऱ्या पावसाळ्यात कुजलेला थर या कल्पनेला दहा वर्षे मागे नेईल.

5. तपासणीत उतरलेल्या पाट्या आणि बोर्ड तालुक्यातच तयार व्हावेत. उमेद अभियानाच्या बचत गटांना त्याचे प्रशिक्षण आणि भांडवल द्यावे आणि विक्री घरकुल मार्टमधून व्हावी. ज्या मालाला आज काडी लावतात त्याला गावातच गिऱ्हाईक मिळेल.

6. शासकीय अनुदानाच्या घरांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणि चुलीच्या वर उघडा थर्माकोल यांना मनाई करावी.

7. जी घरकुले बांधून झाली आहेत त्यांच्या स्लॅबला दरवर्षी मार्चमध्ये चुना देण्यासाठी ग्रामपंचायतींना निधी द्यावा. हे काम याच उन्हाळ्याआधी होऊ शकते.

यांतली पहिली मागणी मान्य झाली तर बाकीच्या तिच्यामागून येतील. अंदाजपत्रकात ओळ असली की दर ठरतो, दर ठरला की माल तयार करणारा उभा राहतो आणि माल मिळू लागला की गवंडी तो लावायला शिकतो. ओळ नसेल तर सिरकॉटचे तंत्र मुंबईत राहते आणि पऱ्हाटी बांधावर जळते.

पक्के घर म्हणजे साध्या देखभालीत किमान 30 वर्षे टिकणारे घर, अशी या योजनेचीच व्याख्या आहे. आज पडणारा स्लॅब पुढचे 30 उन्हाळे तसाच राहणार, आणि ते उन्हाळे आजच्यापेक्षा सौम्य असतील असे कुणीही म्हणत नाही. बांधताना इंचभर थर घालणे स्वस्त आहे. नंतर प्रत्येक घर शोधून घालणे महाग आहे, आणि ते होत नाही, हा आपल्या सगळ्या योजनांचा अनुभव आहे. पुढच्या वर्षीच्या मंजुऱ्या निघण्याआधी ही एक ओळ अंदाजपत्रकात घालावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
विदर्भातील एक स्थापत्य अभियंता